दिगंबर आत का गेला

सत्काराच्या शाली ठेवायला कपाटात जागा उरली नाही तेव्हा रोहिणी कोष्टीनं त्या पलंगाखालच्या पेटीत कोंबल्या आणि पेटीवर बसून झाकण लावलं. बाहेरच्या खोलीत तिचा नवरा दिगंबर खुर्चीत टेकून बसला होता आणि त्याच्यासमोर कुठल्याशा तरुण मंडळाची माणसं दाटीवाटीनं बसली होती. बोललं की त्याला धाप लागायची, म्हणून तो नुसती मान हलवत होता. निघताना त्यांच्यातल्या एकानं वाकून त्याच्या पायाला हात लावला. दिगंबरनं पाय खुर्चीखाली ओढून घेतले. माणूस किती विनयशील आहे, असं त्या मंडळींना वाटलं. रोहिणी दारात उभी होती. तिला त्या ओढून घेतलेल्या पायांमागचं खरं कारण ठाऊक होतं, निदान तसा संशय होता. तिनं चहाचे कप गोळा करून मोरीत नेले आणि तिथंच भिंतीला डोकं टेकून क्षणभर उभी राहिली.

दिगंबर तासगावच्या पुढं एका बेदाण्याच्या शीतगृहात ऑपरेटर होता. थंडावा करणारा अमोनिया कुठल्या नळीतून किती वाहतोय यावर नजर ठेवायची, हे त्याचं काम. खरं तर नजर यंत्रंच ठेवायची. यंत्रांवर नजर ठेवायला माणूस लागतो, तो दिगंबर. उन्हाळ्याच्या तोंडाला एका दुपारी मुख्य नळी जोडावर फाटली. आपोआप बंद व्हायचा व्हॉल्व्ह अर्ध्यातच अडकला. भोंगा वाजला तशी माणसं बाहेर पळाली, पण पॅकिंगच्या खोलीत बेदाणा निवडणाऱ्या बायका अडकल्या. त्यांचं सरकतं दार वीज गेल्यावर जागच्या जागी बसलं होतं. सगळे बाहेर धावत असताना दिगंबर एकटा आत गेला. त्यानं हातानं व्हॉल्व्ह फिरवून बंद केला, मग पॅकिंगच्या दाराची कळ फिरवून दार उघडलं. बायका ओले पदर, ओल्या ओढण्या तोंडाला धरून बाहेर पडल्या. सगळ्या वाचल्या. अग्निशामक दलाच्या लोकांनी शेवटी दिगंबरला ओढून आणलं. डोळे वाचले, फुप्फुसं निम्मी गेली.

एवढं सगळ्यांना माहीत होतं. रोहिणीला आणखी एक गोष्ट माहीत होती. आतल्या दाराशेजारी खुंटीवर श्वासाचा मुखवटा टांगलेला असतो. दिगंबर त्याच्याजवळूनच आत गेला होता, आणि मुखवटा खुंटीवरच राहिला होता. लोक म्हणत, घाईत कुठलं सुचतंय. पण नवीन माणसांना तो मुखवटा डोळे मिटून कसा चढवायचा हे शिकवायचं काम दिगंबरकडेच होतं.

तीन वर्षांपूर्वी पोलिसांनी त्याला कालव्याच्या काठावरून घरी आणून सोडलं होतं. त्यानंतर गोळ्या सुरू झाल्या, मग थांबल्या, मग पुन्हा सुरू झाल्या. असं का होतंय, घरात काही झालं का, असं लोक आडून आडून विचारत. घरात काही झालेलं नव्हतं. नवरा व्यसनी नव्हता, भांडखोर नव्हता, मुलगी ओवी शाळेत हुशार होती. आजाराला दरवेळी कारण लागतंच असं नाही, हे रोहिणीला पटायला बराच काळ गेला होता आणि दुसऱ्यांना पटवून द्यायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. ती फक्त लक्ष ठेवत होती. न्हाणीघरात पाण्याचा आवाज थांबला की कान द्यायचा. तो फिरायला गेला की पंधरा मिनिटांनी काहीतरी निमित्त काढून फोन करायचा. झोपेतसुद्धा एक हात त्याच्या दंडावर. तो उठला की ती जागी. हे त्याला कळू न देता करायचं, म्हणजे त्याला ओझं वाटणार नाही.

त्यामुळं सगळा तालुका त्याला वीर म्हणत असताना तिच्या मनात एकच प्रश्न होता आणि तो कुणाला विचारण्यासारखा नव्हता.

मग मिरजेहून निरोप आला. दिगंबरचं नाव शौर्यपदकासाठी गेलं होतं आणि कायद्याप्रमाणे आधी उद्देशतपास व्हायला हवा होता.

धोक्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या प्रत्येकाला तोवर कपाळाला पट्टा लावणं सक्तीचं झालं होतं. मूळ हेतू साधा होता: माणूस पेंगायला लागला, वायूनं त्याला गुंगी यायला लागली, तर पट्ट्यानं मेंदूच्या लहरींवरून ते ओळखावं आणि शिट्टी वाजवावी. पण नोंदी साठत गेल्या तसं संशोधकांना त्यांत आणखी काही दिसू लागलं. मिरजेच्या उद्देशतपास केंद्रातल्या डॉक्टर हुल्याळकर, निवृत्तीला आलेल्या, सतत चष्मा पुसत बसणाऱ्या बाई, त्यांनी ते रोहिणीला आणि दिगंबरला नीट समजावून सांगितलं.

माणूस काहीही करायला निघाला, की मेंदू पुढं काय व्हायला हवं ते आधीच धरून ठेवतो. ग्लास उचलायला हात गेला आणि ग्लास निसटला, की विचार सुचायच्या आधी मेंदूत एक बारीक धक्का उमटतो. ठरवलेलं आणि घडलेलं जुळलं नाही, याचा तो धक्का. पट्टा हे धक्के टिपतो. शब्द, आठवणी, चित्रं त्याला दिसत नाहीत.

"पट्टा मन वाचत नाही," बाई म्हणाल्या. "मनाला काय चुकल्यासारखं वाटलं, तेवढंच वाचतो. पण त्यावरून माणूस कशासाठी निघाला होता ते कळतं. समजा, एकजण मरायला आगीत शिरला आणि दुसरा पोराला काढायला शिरला. दोघांनाही ठाऊक आहे की आपण जळू शकतो. बाहेरून दोघं सारखेच. पण वाट मोकळी सापडली, आपण वाचतोय असं दिसलं, तर पहिल्याचा बेत फसतो. दुसऱ्याचा फसत नाही. मरण दुसऱ्यालाही दिसतंय, पण ते त्याला हवं नाहीये. फरक एवढाच."

एवढ्या फरकावर कायदा उभा होता. पूर्वी मेल्या माणसाच्या नावानं चौक व्हायचे आणि वर्षानुवर्षं घरातली माणसं आतल्या आत कुढायची. किंवा उलट, जीव ओवाळून टाकणाऱ्याच्या पाठीमागं लोक कुजबुजायचे. आता तपास करणाऱ्यानं दोनपैकी एक शब्द लिहायचा: आत्मत्याग किंवा आत्मघात. त्याग ठरला तर पदक. घात ठरला आणि माणूस जिवंत असला तर त्याला सरकारी उपचारगृहात ठेवायचं, डॉक्टर सोडतील तोवर. तिथं माणसाला एकटं सोडत नाहीत. धोक्याच्या कामावर मात्र त्याला पुन्हा घेत नाहीत, आणि शब्द जाहीर होतो.

जिवंत माणसाची नोंद त्याच्या परवानगीशिवाय उघडता येत नव्हती. डॉक्टरबाईंनी सांगितलं की तुम्ही नाही म्हणू शकता; मग लोकांच्या साक्षींवर त्याग असं धरलं जाईल आणि पदक मिळून जाईल.

रोहिणीला वाटलं, तो नाही म्हणेल. तिला वाटलं, त्यानं नाही म्हणावं. दिगंबर धाप आवरून म्हणाला, "उघडा. मलाच माहीत नाहीये."

आठवड्यानं ते परत गेले. डॉक्टरबाईंनी भिंतीवर एक लांब रेघ दाखवली. कुठं सपाट, कुठं टोकदार. दिगंबरच्या आणि इतरांच्या जबाबांशी ती जुळवून त्यांनी बोट ठेवत ठेवत सांगितलं.

भोंगा वाजला तिथं धक्का, तो सगळ्यांनाच असतो. मग दिगंबर वळला. आतल्या दाराशी त्याचा हात मुखवट्याकडं गेला आणि परत आला. तिथं रेघ सपाट होती. घाईत चुकून राहिला असता तर वायू लागताच धक्का दिसला असता. पुढं बोळात वायू नाकातोंडात गेला, डोळे जळले, तरी रेघ सपाटच. जसं व्हायला हवं होतं तसंच होत होतं.

रोहिणीनं दिगंबरकडं पाहिलं नाही. 

"मग इथं," बाई म्हणाल्या. बोळाच्या मध्यावर एक मोठं टोक होतं. आतल्या बायकांनी दार बडवायला सुरुवात केली ती हीच वेळ. आत कुणी अडकलंय हे दिगंबरला तोवर माहीत नव्हतं. तिथून पुढं रेघ ओळखू येईना इतकी बदलली होती. व्हॉल्व्ह फिरेना, धक्का. हात घसरला, धक्का. खोकल्यानं तो वाकला, गुडघे टेकले, तिथं सगळ्यात मोठा धक्का. ज्या मरणासाठी तो दारातून शिरला होता, तेच आता त्याच्या कामात आडवं येत होतं आणि त्याला ते नको होतं. व्हॉल्व्ह बसला, दार सरकलं, तेव्हा रेघ अशी खाली आली की बाई म्हणाल्या, एवढं समाधान मी फार थोड्या नोंदींत पाहिलंय.

"आणि मग?" रोहिणीनं विचारलं.

मग दिगंबर दाराशेजारी भिंतीला टेकून बसला होता. बाहेरची वाट मोकळी होती, बायका त्याच वाटेनं गेल्या होत्या. रेघ पुन्हा सपाट. अगदी शेवटी, शुद्ध हरपायच्या आधी, एकच उंच टोक होतं. बाई त्याच्यावर बोट ठेवून थांबल्या. अग्निशामक दलाचे लोक त्याच सुमाराला त्याच्यापर्यंत पोचले होते, पण त्यांची घड्याळं आणि पट्ट्याचं घड्याळ काही सेकंदांनी पुढंमागं होती. ते पोचायच्या आधी हा धक्का बसला असेल तर त्याचा अर्थ, मरण आलं आणि त्याला ते नको वाटलं. पोचल्यानंतर बसला असेल तर, वाचवायला आले आणि बेत फसला. दोन्ही धक्के रेघेवर एकसारखेच दिसतात.

दिगंबरला आठवत नव्हतं. त्यानं खरंच आठवून पाहिलं, कपाळाला हात लावून कितीतरी वेळ बसला. रोहिणीला तो क्षण फार क्रूर वाटला, कारण ती त्याच्या तोंडाकडं पाहत होती आणि त्यानं काहीही सांगितलं असतं तरी तिचा विश्वास बसणार नव्हता.

डॉक्टरबाईंनी सांगितलं, घाई नाही. त्याग लिहिता येईल इतका पुरावा मधल्या भागात आहे, आणि मी तो प्रामाणिकपणे लिहू शकते. घातही लिहिता येईल. कायद्याला एकच शब्द लागतो, माणसाचं तसं नसतं. नोंद तुमची आहे, तुम्ही सांगाल त्या भागावर मी बोट ठेवीन.

घरी आल्यावर दोघं दोन दिवस कामापुरतंच बोलले. तिसऱ्या दिवशी सकाळी शबाना मुजावर डबा घेऊन आली. त्या दिवशी अडकलेल्यांतली ती सगळ्यात वयस्क, सगळ्यांना पुढं काढून शेवटी बाहेर पडलेली. ती दर जुम्म्याला काहीतरी करून आणायची. दिगंबरनं तिला बसवून घेतलं आणि सरळ विचारलं की तुम्ही निघालात तेव्हा मी काय करत होतो.

शबानानं रोहिणीकडं पाहिलं. मग डब्याच्या झाकणाशी चाळा करत हळूहळू सांगितलं. भाऊ खाली बसले होते. डोळे उघडे होते. मी हात पुढं केला, चला म्हटलं. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. मला श्वास येत नव्हता, मी पळाले. हे मी कुणाला सांगितलं नाही. माझ्या पळण्याचं मला वाईट वाटतं म्हणून आधी सांगितलं नाही, आणि नंतर लोक भाऊंना वीर म्हणायला लागले म्हणून सांगितलं नाही.

दिगंबर म्हणाला, मी तुमच्यासाठी आत आलो नव्हतो, भाभी. मला माहीतही नव्हतं तुम्ही आत आहात ते.

"असेल," शबाना म्हणाली. "पण दार बडवलेलं ऐकून तुम्ही थांबलात. नुसतेच पुढं गेला असता तर?"

ती गेल्यावर रोहिणी भांडी घासायला बसली. दिगंबर मोरीच्या उंबऱ्याशी येऊन उभा राहिला. तिनं वळून पाहिलं नाही.

"त्या बायकांसाठी आत थांबलात, ते मला कळतं," ती म्हणाली. "दार उघडल्यावर बसलात. हात पुढं केलेला असताना. ते कुणासाठी?"

तो चौकटीला टेकला. मग म्हणाला, "दमलो होतो गं. काम झालं होतं. उठून घरी यायचं, पुन्हा सगळं तेच. तेवढं अंगात नव्हतं."

"आणि मी नाही दमले?"

तिचा आवाज चढला नव्हता. म्हणूनच कदाचित तिला पुढचं थांबवता आलं नाही. तीन वर्षांत आपण एकदाही सलग झोपलो नाही, हे तिनं सांगितलं. पाण्याचा आवाज, फिरायला गेल्यावरचे फोन, दंडावरचा हात, सगळं सांगितलं. ओवीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला अर्ध्यातून उठून आले होते, कारण तुम्ही फोन उचलला नव्हता. तुम्ही तेव्हा दाढी करत होता. माहेरी एक रात्र राहिले नाही. शीतगृहात काहीतरी झालंय असा फोन आला तेव्हा पहिल्यांदा मनात आलं ते, झालं एकदाचं. तेवढ्यानंच पाय गळाले. ते काळजीनं गळाले की सुटल्यासारखं वाटून, हे माझ्या कपाळाला पट्टा लावला असता तर कळलं असतं. नव्हता, ते बरं झालं.

दिगंबर उंबऱ्यावर खाली बसला. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. तिची झोप मुळातच सावध आहे, असं तो इतकी वर्षं समजत होता.

"मला सांगायचं होतंस," तो म्हणाला.

"सांगून तुम्हाला आणखी एक ओझं?"

 तो तिच्या शेजारी सरकला आणि तिनं घासलेली भांडी विसळायला लागला. धाप लागली की थांबायचा, पुन्हा लागायचा.

पुढच्या सोमवारी ते मिरजेला गेले. रोहिणीनं वाटेत ठरवलं होतं की त्याग म्हणायचं. ते खोटं नव्हतं. ओवीला शाळेत मान वर करून चालता आलं असतं, आणि घरात जे आहे ते घरातच राहिलं असतं. डॉक्टरबाईंनी विचारल्यावर तिनं तोंड उघडलंही, पण दिगंबरनं तिच्या मनगटावर हात ठेवला.

"आत्मघात लिहा," तो म्हणाला.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. त्याचे परिणाम त्यांनी पुन्हा एकदा सांगितले: पदक नाही, नोकरी नाही, नाव वर्तमानपत्रात. तुम्ही स्वतःला शिक्षा करताय का, असंही त्यांनी विचारलं, कारण तसं असेल तर मला थांबावं लागेल. पुरावा निम्मा तुमच्या बाजूनं आहे.

"शिक्षा नाही," दिगंबर म्हणाला. "मला बरं वाटतंय असं मी सांगणार नाही. मधे जे झालं ते खरं असेल, पण ते दार बडवल्यामुळं झालं. रोज कोण दार बडवणार?" तो श्वास घ्यायला थांबला. "तिथं माणसाला एकटं सोडत नाहीत म्हणालात. म्हणजे कुणीतरी कायम जागं असतं?"

"असतं. पाळीपाळीनं."

"मग तेच लिहा. हिला झोपू दे."

 अशा वेळी माणसावर घरच्यांचा दबाव तर नाही ना, हे पाहायला केंद्रात त्यांनाही पट्टा लावायची सोय होती, सक्ती नव्हती. डॉक्टरबाईंनी खणातून पट्टा काढून टेबलावर ठेवला आणि रोहिणीकडं पाहिलं. रोहिणीनं तो हातानं बाजूला सारला.

"राहू द्या," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिला ते पुसायचं सुचत नव्हतं.

शब्द जाहीर झाला तसे लोक यायचे बंद झाले. एका मंडळानं फलकावरचं नाव काढलं. कुणीतरी ओवीला शाळेत काहीबाही बोललं. ती रडत घरी आली आणि रोहिणीनं तिला पहिल्यांदाच सगळं खरं सांगितलं, आजार म्हणून सांगितलं. पोरीनं विचारलं की मग बाबा बरे होणार का. रोहिणी म्हणाली की बघू, आता आपण दोघीच नाही बघणार, पुष्कळजण बघणार आहेत. शबाना दर जुम्म्याला येत राहिली.

उपचारगृह कृष्णेच्या पलीकडं, उसाच्या मळ्यांमधे होतं. दिगंबरला पोचवायला रोहिणी दुपारच्या एसटीनं गेली. ओवी शबानाकडं राहिली होती. आतल्या माणसांनी त्याची पिशवी तपासली, औषधं लिहून घेतली, छाती ऐकली. एक उंच, सावकाश बोलणारा परिचारक त्याच्याबरोबर होता. पुढचे काही महिने तो किंवा त्याच्यासारखा दुसरा कुणीतरी सतत त्याच्या आसपास असणार होता. रोहिणीला त्यांनी व्हरांड्यातल्या बाकावर बसायला सांगितलं, खोली तयार झाली की बघून जा म्हणाले.

बाक लाकडी होता, ऊन पायांपर्यंत येऊन थांबलं होतं. आतून दिगंबरच्या खोकल्याचा आवाज आला, मग परिचारकाचा, मग कुणाचाच नाही. आवाज थांबल्याबरोबर रोहिणीनं सवयीनं कान टवकारले. मग तिला आठवलं की आत माणूस आहे. तिनं मान भिंतीला टेकवली.

तिला जाग आली तेव्हा ऊन व्हरांड्यातून निघून गेलं होतं आणि परतीची एसटी केव्हाच गेली होती. कुणीतरी तिच्या डोक्याखाली उशी सारली होती. ती धडपडून उठायला गेली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला दिगंबर बसला होता, त्याच्यामागं परिचारक भिंतीला टेकून उभा. तिला उठवू नका असं दिगंबरनंच सगळ्यांना सांगितलं होतं, आणि तेव्हापासून तो तिथंच होता.

"झोप अजून," तो म्हणाला. "मी जागा आहे."